अखेरच्या घटकेला आपले माणूस

महासाथीच्या काळात चेन्नईतील रुग्णालयांची दारे नातलगांना बंद झाली. त्यातून एक जुनाच प्रश्न पुन्हा उभा राहिला: मरणाच्या दारात असलेल्या माणसाजवळ घरच्यांनी बसणे ही रुग्णालयाने दिलेली सवलत मानायची, की उपचाराचाच एक भाग?

घरातले वडीलधारे माणूस अखेरचे श्वास मोजू लागले की आपल्याकडे निरोप धाडले जातात. मुंबईचा मुलगा रात्रीची गाडी पकडतो, सासरी गेलेली मुलगी हातातले काम टाकून निघते. कोणी उशाशी बसते, कोणी पाय चेपते, कोणी तोंडात गंगाजळाचे दोन थेंब आणि तुळशीचे पान घालते. बोलणे फारसे होत नाही. पण "सगळे आले का?" या प्रश्नाला "आले" असे उत्तर देता आले की घराला एक प्रकारचे समाधान लाभते.

तमिळनाडूतही याच भावनेची एक रीत आहे. माणूस गेल्यावर जवळचे नातलग एकेक करून पुढे होतात आणि त्याच्या मुखात चिमूटभर तांदूळ घालतात. याला तिकडे 'वाय्क्करिसी' म्हणतात. 'वाय्' म्हणजे तोंड आणि 'अरिसी' म्हणजे तांदूळ. भाषा वेगळी, पण त्यामागचे मन आपल्या गंगाजळासारखेच.

२०२० साली कोरोनाची महासाथ आली आणि गंगाजळ, तांदूळ, उशाशी बसणे, सारेच थांबले. रुग्णवाहिका दाराशी येई, संरक्षक पोशाखातील माणसे रुग्णाला घेऊन जात, आणि पुष्कळ घरांत तीच शेवटची भेट ठरे. सरकारी नोंदीप्रमाणे या साथीत देशात ५ लाख ३० हजारांहून अधिक माणसे दगावली. त्यांतली ३८ हजारांहून अधिक तमिळनाडूतील होती. यांपैकी कितीजणांच्या हातात अखेरच्या घटकेला आपल्या माणसाचा हात होता, याची मात्र कोठल्याच तक्त्यात नोंद नाही.

एका गायकाचे पन्नास दिवस

चेन्नईतील एक मृत्यू साऱ्या देशाने जवळून पाहिला. 'मैंने प्यार किया' आणि 'हम आपके हैं कौन' या चित्रपटांतील गाण्यांमुळे मराठी घरांतही लाडके झालेले गायक एस. पी. बालसुब्रह्मण्यम् ५ ऑगस्ट २०२० रोजी चेन्नईच्या एमजीएम हेल्थकेअर या रुग्णालयात दाखल झाले. त्रास किरकोळ होता. त्यांनी स्वतः एका चित्रफितीतून चाहत्यांना तसे सांगितले. घरीच वेगळे राहता आले असते, पण घरच्यांना काळजी वाटत राहील, म्हणून आपण रुग्णालयात आलो, असेही ते म्हणाले. घरच्यांना त्रास नको म्हणून घर सोडणारा हा माणूस पुढे घरी परतला नाही.

१३ ऑगस्टच्या रात्री त्यांची प्रकृती एकाएकी ढासळली. त्यांना अतिदक्षता विभागात हलवून कृत्रिम श्वासोच्छ्वासाच्या यंत्रावर ठेवण्यात आले. नंतर रक्ताला शरीराबाहेर प्राणवायू पुरवणाऱ्या 'एक्मो' या यंत्राचीही मदत घ्यावी लागली. त्यांचे पुत्र चरण हे दर काही दिवसांनी चित्रफितीद्वारे वडिलांची हालहवाल सांगत. ऑगस्टच्या अखेरीस आपण वडिलांना भेटून आलो, ते अधिक जागे आहेत, असे त्यांनी सांगितले. सप्टेंबरच्या सुरुवातीला बालसुब्रह्मण्यम् यांच्या लग्नाचा वाढदिवस होता. तो रुग्णालयातच अगदी साधेपणाने साजरा झाला. खोलीत त्यांच्यासाठी गाणी लावली जात. हातातल्या टॅबलेटवर ते टेनिस आणि क्रिकेट पाहत. २५ सप्टेंबर २०२० रोजी दुपारी १ वाजून ४ मिनिटांनी त्यांचे निधन झाले. ते ७४ वर्षांचे होते.

इतके करूनही ते वाचले नाहीत. मात्र त्या पन्नास दिवसांत ते घरच्यांना पारखे झाले नाहीत, ही गोष्ट महत्त्वाची आहे. अतिदक्षता विभागातील रुग्णाला, तोही श्वासोच्छ्वासाच्या यंत्रावर असताना, घरच्यांनी भेटणे ही अशक्य बाब नव्हती, हे यातून दिसले. योग्य पोशाख, ठरावीक वेळ आणि डॉक्टरांची इच्छा या तीन गोष्टी असल्या म्हणजे ते जमत होते.

आता प्रश्न असा की, जे एका नामवंत कलावंताच्या बाबतीत जमले, ते सामान्य वॉर्डातल्या हमालाच्या, शिक्षिकेच्या किंवा एखाद्या पेन्शनरच्या बाबतीत का जमू नये?

दारे बंद का झाली?

रुग्णालयांची बाजूही समजून घ्यायला हवी. मार्च २०२० मध्ये हा विषाणू नवा होता. तो नेमका कसा पसरतो, किती काळ टिकतो, यांविषयी डॉक्टरांनाही पुरती कल्पना नव्हती. मुखपट्ट्या आणि संरक्षक पोशाख यांचा तुटवडा होता. जो पोशाख परिचारिकेलाच पुरत नाही, तो नातलगाला कोठून द्यायचा? शिवाय भेटायला आलेला माणूस स्वतः आजारी पडून घरी गेला, तर त्याच्यामागे आणखी चार खाटा लागणार, ही भीती खरी होती. लस तर पुढे १६ जानेवारी २०२१ पासून देशात मिळू लागली.

चेन्नईवर ताणही मोठा होता. मे २०२० मध्ये कोयंबेडूच्या घाऊक भाजी बाजारातून साथ शहरभर आणि शेजारच्या जिल्ह्यांत पसरली. जूनमध्ये शहरात पुन्हा कडक टाळेबंदी लावावी लागली. वर्षभराने, मे २०२१ मधील दुसऱ्या लाटेत, सेंट्रल स्टेशनजवळच्या राजीव गांधी सरकारी रुग्णालयाबाहेर रुग्णवाहिकांची रांग लागली. आत खाट रिकामी होईपर्यंत रुग्ण गाडीतच प्राणवायूवर पडून असत. अशा वेळी भेटीच्या वेळापत्रकाचा विचार कोण करणार?

ही अडचण मान्य केली तरी एक गोष्ट उरतेच. तातडीच्या दिवसांत केलेली बंदी पुढे सवयीची झाली. पोशाखांचा तुटवडा संपला, माहिती वाढली, पण पुष्कळ ठिकाणी दार बंदच राहिले. नातलग फाटकाबाहेर उभे राहत. दिवसातून एखादा फोन येई, किंवा तोही येत नसे.

नियम काय सांगत होता?

पुष्कळांना असे वाटते की, सरकारचाच नियम तसा होता. वस्तुस्थिती थोडी निराळी आहे.

केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने १५ मार्च २०२०लाच, म्हणजे साथीच्या अगदी सुरुवातीला, मृतदेहांविषयी मार्गदर्शक सूचना काढल्या होत्या. कर्मचाऱ्यांनी पिशवीची चेन चेहऱ्यापाशी उघडून नातलगांना अंत्यदर्शन घेऊ द्यावे, असे त्यांत स्पष्ट म्हटले होते. मृतदेहाला स्पर्श न करता जे विधी होतात त्यांना परवानगी होती. धर्मग्रंथ वाचता येत होते, पवित्र पाणी शिंपडता येत होते. अंघोळ घालणे, आलिंगन देणे, चुंबन घेणे यांना मनाई होती. अस्थी आणि राख यांपासून काही धोका नाही, त्या घरच्यांना घेता येतील, हेही त्यांत नमूद होते. म्हणजे शेवटचे तोंड पाहू न देणे, हा नियमाचा भाग नव्हता. भीतीपोटी किंवा घाईत तो नियमाला जोडला गेला.

जिवंत रुग्णांबाबतही तसेच घडले. रुग्णालयांतील हलाखीच्या बातम्या आल्यावर सर्वोच्च न्यायालयाने जून २०२० मध्ये स्वतःहून दखल घेतली. १९ जूनच्या आदेशात न्यायालयाने सांगितले की, कोरोनासाठी राखून ठेवलेल्या रुग्णालयांनी रुग्णाच्या एका इच्छुक नातलगाला आवारात, नेमून दिलेल्या जागेत, थांबू द्यावे. रुग्णाची विचारपूस समक्ष आणि फोनवरून करता येईल असा मदतकक्षही उघडावा. पुढे जुलैअखेर केंद्राच्या आरोग्यसेवा महासंचालनालयाने राज्यांना पत्र पाठवले. रुग्णांना घरच्यांशी बोलता यावे म्हणून मोबाइल आणि टॅबलेट वापरू द्यावेत, ती उपकरणे निर्जंतुक करण्याची पद्धत ठरवावी आणि वेळा नेमून द्याव्यात, असे त्यात सुचवले होते. वॉर्डात मोबाइल नेऊ देत नाहीत अशा नातलगांच्या तक्रारी आल्यामुळेच हे पत्र लिहावे लागले होते.

कागदावर मार्ग होता, पण तो वॉर्डाच्या दारापर्यंत पोहोचला नाही. फाटकावरच्या पहारेकऱ्याला तो ठाऊक नव्हता आणि रडणाऱ्या नातलगालाही ठाऊक नव्हता.

स्मशानाच्या दारातही अडवणूक

चेन्नईत तर काही जणांना मृत्यूनंतरही आपल्या माणसांपासून तोडण्यात आले, आणि ते काम रुग्णालयाने नव्हे, जमावाने केले. एप्रिल २०२० मध्ये नेल्लोरचे एक डॉक्टर चेन्नईत उपचार घेत असताना दगावले. अंबत्तूर भागात त्यांच्या अंत्यसंस्काराला रहिवाशांनी विरोध केला आणि मृतदेह दुसरीकडे न्यावा लागला.

त्यानंतर आठवड्याच्या आतच, १९ एप्रिलला, मेंदूविकारांचे शल्यचिकित्सक डॉ. सायमन हर्क्युलिस यांचे कोरोनाने निधन झाले. ते ५५ वर्षांचे होते. प्रकृती बिघडत असताना त्यांनी फोनवरून, एकमेकांना पाहत, पत्नीशी बोलणे केले होते. आपण परतलो नाही तर आपल्या धर्माच्या रीतीप्रमाणे किलपॉकच्या दफनभूमीत पुरावे, अशी इच्छा त्यांनी त्या वेळी व्यक्त केली, असे पत्नीने नंतर जाहीरपणे सांगितले. रात्री मृतदेह दफनासाठी नेला तेव्हा जमाव आडवा आला. दगड आणि काठ्यांनी रुग्णवाहिकेवर हल्ला झाला, चालक जखमी झाले. पत्नी आणि मुलाला तेथून निघून जावे लागले. मग डॉ. प्रदीप कुमार या त्यांच्या सहकाऱ्याने रुग्णवाहिका स्वतः चालवत वेलंगाडूच्या दफनभूमीत नेली आणि दोघा वॉर्डबॉयच्या मदतीने, पोलिसांच्या बंदोबस्तात, मध्यरात्री आपल्या मित्राला मूठमाती दिली. ज्याने शेकडो कुटुंबांतील माणसे वाचवली, त्याच्या दफनाला त्याचे कुटुंब हजर नव्हते.

या घटनेने शहर हादरले. मद्रास उच्च न्यायालयाने दुसऱ्याच दिवशी स्वतःहून दखल घेतली. सन्मानाने अंत्यसंस्कार होणे हा राज्यघटनेच्या २१व्या कलमातील जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, अशी भूमिका न्यायालयाने मांडली. पाठोपाठ तमिळनाडू सरकारने अध्यादेश काढला. साथीने मृत्यू पावलेल्यांच्या अंत्यसंस्कारात अडथळा आणणाऱ्याला १ ते ३ वर्षांच्या तुरुंगवासाची तरतूद त्यात केली. डॉ. हर्क्युलिस यांच्या पत्नीने त्यांना किलपॉकला पुन्हा दफन करण्याची परवानगी मागितली. मार्च २०२१ मध्ये उच्च न्यायालयाच्या एकसदस्यीय पीठाने तिच्या बाजूने निकाल दिला, तेव्हा मृत्यूला जवळजवळ एक वर्ष होत आले होते. एका पतीची साधी अंतिम इच्छा मांडण्यासाठी एका पत्नीला न्यायालयाची पायरी चढावी लागली.

भीती जुनीच आहे

रोगापेक्षा रोगाच्या भीतीने माणूस एकाकी होतो, हा अनुभव चेन्नईला नवा नाही. भारतातील एचआयव्हीच्या पहिल्या रुग्णांचे निदान १९८६ साली याच शहरात झाले. मद्रास मेडिकल कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्राच्या प्राध्यापिका असलेल्या डॉ. सुनीती सॉलोमन आणि त्यांची विद्यार्थिनी डॉ. निर्मला यांनी ते काम केले. डॉ. सुनीती माहेरच्या गायतोंडे. चेन्नईत चामड्याचा व्यवसाय करणाऱ्या महाराष्ट्रीय कुटुंबात त्यांचा जन्म झाला होता.

त्या काळी एड्सच्या रुग्णाला रुग्णालये दाखल करून घेत नसत. डॉक्टर हात लावायला कचरत. घरचे लोक ताट-वाटी वेगळी करत आणि कित्येकदा रुग्णाला सोडूनच देत. हा रोग स्पर्शाने, एकत्र जेवल्याने किंवा जवळ बसल्याने पसरत नाही, हे विज्ञानाने सांगितले तरी लोकांना पटत नसे. डॉ. सुनीती रुग्णांजवळ बसत, त्यांना हात लावत, त्यांच्या घरच्यांशी बोलत. १९९३ साली त्यांनी वडिलांच्या नावाने 'वाय. आर. गायतोंडे केंद्र' सुरू केले. २०१५ साली त्यांचे निधन झाले, तोवर हजारो रुग्णांना तेथे उपचारांबरोबर आधारही मिळाला होता. एड्सच्या काळात दार उघडे असूनही घरचे आत आले नाहीत. कोरोनाच्या काळात घरचे यायला तयार होते, पण दार बंद होते. दोन्ही वेळा खाटेवरचा माणूस मात्र एकटाच राहिला.

महाराष्ट्राच्या आठवणी याहून जुन्या आहेत. १८९६ साली मुंबईत प्लेग आला तेव्हा लोक रोगाइतकेच रुग्णालयालाही भ्याले. एकदा नेलेले माणूस पुन्हा दिसत नाही, अशी समजूत पसरली होती. त्या वर्षीच्या ऑक्टोबरात सुमारे हजार गिरणीकामगारांनी आर्थर रोडच्या रुग्णालयावर चाल केली. पुढच्या वर्षी साथरोग कायदा आला, तोच कायदा २०२० सालीही वापरला गेला. पुण्यात घरोघरच्या झडत्यांनी लोक संतापले. घरचे माणूस नेले जाईल या धास्तीने कित्येकांनी रुग्ण लपवले, आणि त्यामुळे साथ वाढतच गेली. लोकमान्य टिळकांनी पुण्यात हिंदू प्लेग रुग्णालय काढण्यात पुढाकार घेतला. आपल्या रीतीभातींची कदर होईल असे रुग्णालय असेल तर लोक रुग्णाला लपवणार नाहीत, हे त्यामागचे व्यवहारी शहाणपण होते. त्याच साथीत, १८९७ च्या मार्चमध्ये, सावित्रीबाई फुले यांनी प्लेग झालेल्या एका मुलाला पाठीवर घेऊन मुलाच्या, डॉ. यशवंत यांच्या, दवाखान्यात नेले. त्यांनाही लागण झाली आणि १० मार्चला त्यांचे निधन झाले.

यातून एक धडा मिळतो. रुग्ण आणि कुटुंब यांच्यात भिंत उभी केली, तर लोकांचा रुग्णालयावरचा विश्वास उडतो. विश्वास उडाला की लोक उशिरा येतात, आणि उशिरा येणाऱ्याला वाचवणे कठीण होते. म्हणून भेटीची सोय करणे ही निव्वळ दयेची गोष्ट राहत नाही. साथ आटोक्यात आणण्यासाठीही ती उपयोगी पडते.

जाणाऱ्याला कळते का?

"तो तर बेशुद्ध आहे, तुम्ही येऊन काय करणार?" असे नातलगांना अनेकदा ऐकावे लागते. पण बेशुद्ध दिसणाऱ्या माणसाला काहीच ऐकू येत नसेल, असे समजण्याचे कारण नाही. कॅनडातील ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२० साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. मृत्यूच्या अगदी जवळ आलेल्या, कोणताच प्रतिसाद न देणाऱ्या रुग्णांच्या मेंदूतील विद्युत्लहरी त्यांनी मोजल्या. त्यांतील काहींचे मेंदू आवाजाला निरोगी माणसाच्या मेंदूप्रमाणे दाद देत असल्याचे आढळले. त्यांना शब्दांचा अर्थ कळतो की नाही, हे यातून ठरत नाही. पण कानाशी बोललेले वाया जातेच असेही नाही. म्हणूनच अखेरच्या घटकेला रुग्णाच्या कानाशी धरलेल्या फोनलाही मोल आहे.

मागे राहणाऱ्यांचा विचार तर त्याहून महत्त्वाचा. ब्राझीलमधील ३६ अतिदक्षता विभागांत केलेला एक मोठा अभ्यास २०१९ साली प्रसिद्ध झाला. नातलगांना भेटीसाठी अधिक वेळ मोकळीक दिली आणि नीट माहिती दिली, तेव्हा त्यांची चिंता आणि खिन्नता कमी झाल्याचे त्यात दिसले. उलट, निरोप न घेता माणूस गेले की दुःख वाट चुकते. "शेवटी त्याने पाणी मागितले असेल का?" "आपण जबरदस्तीने आत शिरायला हवे होते का?" असे प्रश्न वर्षानुवर्षे पाठ सोडत नाहीत. दीर्घकाळ न ओसरणाऱ्या, रोजचे जगणे थांबवणाऱ्या शोकाला आता वैद्यकशास्त्राने स्वतंत्र आजार म्हणून मान्यता दिली आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ पासून लागू झालेल्या रोगसूचीत त्याचा समावेश आहे. घरात कोणी सहा महिन्यांनंतरही शोकातून बाहेर येत नसेल, जेवण-झोप-कामकाज सारेच विस्कटले असेल, तर "काळ हेच औषध" म्हणून गप्प बसू नये, मानसोपचारतज्ज्ञाचा सल्ला घ्यावा.

हा प्रश्न केवळ आपल्याकडचा नव्हता. लंडनमध्ये मार्च २०२० मध्ये एक १३ वर्षांचा मुलगा रुग्णालयात घरच्यांविना मरण पावला. त्या बातमीने इंग्लंड हळहळले. १५ एप्रिलला तेथील आरोग्यमंत्र्यांनी, शक्य असेल तेथे जवळच्या नातलगाला निरोप घेऊ देण्यासाठी नव्या पद्धती आखत असल्याची घोषणा केली. म्हणजे साथ ऐन भरात असतानाही बंदीचा फेरविचार करता येत होता.

पुढच्या वेळेसाठी

जागतिक आरोग्य संघटनेने ५ मे २०२३ रोजी कोरोनाची जागतिक आणीबाणी संपल्याचे जाहीर केले. पण साथी येतच राहणार. पुढची साथ येण्यापूर्वी जे ठरवता येईल ते आताच ठरवायला हवे.

रुग्णालयांनी करायच्या गोष्टी फार खर्चाच्या नाहीत. रुग्ण अत्यवस्थ झाला की एका नातलगाला संरक्षक पोशाखात दहा-पंधरा मिनिटे आत सोडावे, आणि याची तरतूद लेखी नियमात असावी. म्हणजे ओळख असलेल्याला प्रवेश आणि नसलेल्याला नकार, असे होणार नाही. रोज ठरल्या वेळी घरी एक फोन जावा. प्रत्येक वॉर्डात रुग्णांसाठी एक टॅबलेट असावा. आणि फाटकावरच्या पहारेकऱ्यापासून मोठ्या डॉक्टरांपर्यंत सर्वांना नियम माहीत असावा. अखेरच्या दिवसांतील वेदना कमी करण्यासाठी जी शुश्रूषा दिली जाते, तिचे प्रशिक्षण परिचारिकांना मिळाले तर घरचे नसतानाही रुग्ण एकटा पडत नाही. कोरोनाच्या काळात अनेक परिचारिकांनी रात्रपाळीत अनोळखी माणसाचा हात धरून ते काम केले. त्यांचे ऋण मोठे आहे, पण तो भार त्यांच्या एकट्यांवर टाकणेही बरोबर नाही.

कुटुंबांनीही काही तयारी करून ठेवावी. हृदय, यकृत यांच्या मोठ्या उपचारांसाठी महाराष्ट्रातून अनेक जण चेन्नईला जातात, वेल्लोरला जाणारे तर कितीतरी. तेथे साथ नसतानाही भाषेची अडचण येते. अशा घरांसाठी पुढील गोष्टी विशेष उपयोगी पडतील.

• रुग्णालयाशी बोलण्यासाठी घरातील एकच माणूस नेमावा. त्याने बाकीच्यांना कळवावे. दहा जणांनी दहा फोन केले तर एकालाही नीट उत्तर मिळत नाही.

• रुग्णाबरोबर मोबाइल, चार्जर, चष्मा, श्रवणयंत्र आणि कवळी द्यावी. प्रत्येक वस्तूवर नावाची चिठ्ठी चिकटवावी. चष्मा नसेल तर फोनवरचे चेहरे दिसत नाहीत आणि श्रवणयंत्र नसेल तर आवाज पोहोचत नाही.

• रुग्णाला तमिळ किंवा इंग्रजी येत नसेल, तर 'पाणी', 'दुखते', 'थंडी वाजते', 'घरी फोन लावा' असे नेहमीचे दहा-बारा शब्द एका कागदावर मराठीत आणि तमिळ लिपीत लिहून खाटेशी ठेवावेत. रुग्णाने बोट ठेवले की परिचारिकेला कळेल.

• त्याच कागदावर रुग्णाला घरात काय म्हणतात ते लिहावे. कोणी 'अण्णा' म्हणून हाक मारली तर डोळे उघडणारा माणूस पूर्ण नावाच्या हाकेला कदाचित ओ देणार नाही.

• दाखल करतानाच विचारावे: प्रकृती फारच बिघडली तर कोणाला कळवाल? भेटता येईल का? फोन जोडून द्याल का? नंतर गोंधळात हे विचारणे सुचत नाही.

• सरकारी सूचनांची प्रत जवळ ठेवावी. शांतपणे दाखवलेला कागद आरडाओरड्यापेक्षा लवकर दार उघडतो.

• ज्येष्ठांशी, ते धडधाकट असतानाच, त्यांच्या इच्छांविषयी बोलावे. कोण जवळ असावे, कोणते विधी व्हावेत, काय नको, हे आधी माहीत असले की ऐन वेळी घरात वाद होत नाहीत.

आणि ज्यांना निरोप घेताच आला नाही, त्यांनी काय करावे? निरोपाची वेळ टळली म्हणून निरोप कायमचा हुकला, असे मानू नये. कित्येक कुटुंबांनी साथ ओसरल्यावर सारे नातलग एकत्र बोलावले, गेलेल्या माणसाच्या आठवणी सांगितल्या, राहून गेलेले विधी केले. वर्षश्राद्धाच्या दिवशी त्याच्या आवडीचे पदार्थ करून चार माणसांना जेवू घातले. एखाद्याने त्याला पत्र लिहिले आणि ते फोटोमागे ठेवले. मनाची गाठ सैल व्हायला एवढेही पुरते. घरातील लहान मुलांनाही यात सामील करून घ्यावे, कारण आजी-आजोबा एका रात्री रुग्णवाहिकेतून गेले आणि परत आलेच नाहीत, एवढेच त्यांना ठाऊक असते.

साथीत मृत्यू टाळणे नेहमीच कोणाच्या हाती नसते. अखेरच्या घटकेला कोणी जवळ असावे की नसावे, हे मात्र पुष्कळदा माणसांच्याच हाती असते. दहा मिनिटांची भेट, कानाशी धरलेला फोन, आपल्या भाषेतील एक हाक, यांतले काहीतरी प्रत्येकाच्या वाट्याला यावे, इतकी सोय रुग्णालयांना आणि सरकारला करता येण्यासारखी आहे. त्यासाठी पुढच्या साथीची वाट पाहायचे कारण नाही.